वैनी, तुझ्या दुखण्याचं नाव

वैनी, तू गेल्यावर तुझ्याकडे शिवायला टाकलेली कापडं परत न्यायला बायका यायच्या. दारात चपला काढताना त्यांचे चेहरे ओशाळलेले असायचे. अशा वेळी कापड मागायचं कसं, हे त्यांनाही कळत नव्हतं. तुझी लेक वैष्णवी त्यांना आत घ्यायची, मशीनमागच्या गठ्ठ्यातून जिचं कापड तिच्या हातात द्यायची. मग त्या जरा टेकायच्या, पाणी प्यायच्या आणि विचारायच्याच, "काय झालतं वो एकाएकी?"

दादा भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा. तो म्हणायचा, "पोटाचं व्हतं."

एवढंच. हे खोटं नव्हतं. पण अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं तू आयुष्यभर ब्लाउजच्या बाहीआड दाबून ठेवलंस. दादाला मी बोल लावत नाही. तूच त्याला तसं बजावून ठेवलं होतंस आणि तुझा शब्द मोडायची त्याला कधी सवय नव्हती. मी मात्र शेजारच्या खोलीत बसून ते ऐकायचे आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडायचे. तोंडावर मी तुला कायम 'तुमी' म्हणत आले. मनात तू नेहमी 'तू'च होतीस, म्हणून आता तसंच बोलते.

तू लग्न होऊन सेलूला आलीस त्या साली मी बारावीला होते. पहिल्याच उन्हाळ्यात, आईनं कुरडयांचा घाट घातला होता त्या दिवशी, तू मला फळीवरचा पितळी डबा काढून दे म्हणालीस. मी हसले. "वैनी, तुमी माझ्यापेक्षा हातभर उंच हाव की. घ्या तुमीच." तू हात वर नेलास आणि तुझ्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. डबा तसाच राहिला. ब्लाउजला काखेजवळ ओला डाग पसरत गेला, आधी पिवळसर, मग लाल.

न्हाणीत तू पाटावर बसलीस. मी दाराला कडी घातली.

"कुणाला बोलू नको. काखमांजरी हाय," तू म्हणालीस. "शाळंत व्हते तव्हापासून यायलीय. एक बसती न्हाई तोवर दुसरी उठती."

"दवाखान्यात दाखवलं का?"

"काय दाखवू? हात वर करून?"

पुढे कितीतरी वेळा मी तुला कांदा भाजून दिला. तो कापडात गुंडाळून, चटका सोसेल इतका निववून मी तुझ्या काखेत धरायचे आणि तू पदराचा शेव दातात धरायचीस. बेंड फुटलं की तुला बरं वाटायचं. दोन दिवस तू मोकळी फिरायचीस. मग पुन्हा कोपर अंगाला चिकटवून चालायला लागायचीस. तुझ्या त्या चालण्याला गल्लीतल्या बायका सोज्वळपणा म्हणायच्या.

आईला ते कळलंच. तिच्या नजरेतून काय सुटायचं? पण तिला जखमेमुळे कळलं नाही, पूजेमुळे कळलं. आपल्या लिंगायत घरात गळ्यातलं लिंग रोज तळहातावर घेऊन पूजा करायची. गाठ वाहत असली की तू पूजेला बसायला टाळाटाळ करायचीस. आईनं एकदा कारण विचारलं, तेव्हा तू खाली बघत म्हणालीस, "हात पुवात भरलेला असतो. मपल्यानं शिवायचं धाडस व्हईना."

आई म्हणाली, "लिंग रातंदिस अंगावरच हाय ना पोरी? मंग कसला आलाय विटाळ? हात धू अन् बस."

त्या दिवशी तुला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. दुखण्यानं तू कधी रडली नव्हतीस.

तू शिवण कशासाठी शिकलीस, हे मला फार उशिरा उमजलं. लोकांना वाटायचं, चार पैसे घरात यावेत म्हणून. खरं तर शिंप्याकडे माप द्यायला हात वर करावे लागतात, ते तुला नको होतं. तू स्वतःचे ब्लाउज स्वतः बेतायला लागलीस. काखेत जादा कापड सोडायचीस आणि आतून मऊ मलमलची घडी लावायचीस, काढून धुता येईल अशी. पुढे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज तुझ्याकडे यायला लागले. "हिच्या हातचं काखंत काचत न्हाई," असं त्या एकमेकींना सांगायच्या. काचण्यातलं तुला किती कळतं, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

वैष्णवी शाळेत जायला लागली आणि तुझं पोट बिघडलं. सुरुवातीला आव पडायलीय म्हणून तू सुंठ-साखर खाल्लीस. मग ताक-भातावर राहिलीस. मग अंगावरचं मांस उतरायला लागलं. परभणीला माझ्या सासरी यायचं झालं तर आदल्या संध्याकाळपासून तू पोटात काही ढकलायची नाहीस. गाडी तासाभराची, तरी तू डब्यात संडासाच्या शेजारची जागा धरायचीस. मी एकदा म्हणाले, "वास यायलाय वैनी, पलीकडं जागा हाय." तू म्हणालीस, "इथंच बरं वारं लागतंय." वारं कसलं तिथं? मी तुझ्याजवळ बसले.

किती दवाखाने झाले. एकानं जंताचं औषध दिलं. एकानं आतड्याचा क्षय असेल म्हणून महिनोन्महिने गोळ्या दिल्या. लघवी नारंगी व्हायला लागली तेव्हा तू म्हणालीस, "चला, पोटात केशर पिकायलंय." क्षय काही निघाला नाही. मग बसायच्या जागी गाठ होऊन वाहायला लागली, तर एका ठिकाणी भगंदर म्हणून चिरफाड झाली. ती जखम भरली आणि शेजारी दुसरी उघडली. आणि तुझा नेम ठरलेला. पोटाच्या डॉक्टरला काख दाखवायची नाही, कातडीच्या डॉक्टरला पोट सांगायचं नाही. "ज्येचं त्येला सांगावं. उगं सगळ्या गावाला कामून?" असं तुझं म्हणणं. त्यामुळे तुझं अर्धं अंग एका डॉक्टरला माहीत आणि अर्धं दुसऱ्याला. पुरती तू कुणालाच माहीत नव्हतीस.

परभणीत त्या कातडीच्या डॉक्टर बाई नव्यानं बसायला लागल्या, तेव्हा मी तुला जवळजवळ ओढत नेलं. जांघेतली गाठ इतकी ठणकत होती की तुला मशीनवर बसवत नव्हतं, म्हणूनच तू आलीस. बाईंनी आधी विचारलं, "बघू का मी?" आजवर कुणी असं विचारलं नव्हतं, असं तू मला नंतर म्हणालीस. त्यांनी तुझा हात अलगद, दुखणार नाही एवढाच वर केला. जुने व्रण, त्यांच्यातून एकमेकींकडे गेलेल्या सुजलेल्या रेघा, सगळं बोटानं चाचपत पाहिलं.

"कधीपासून आहे?"

"लई वर्सं झाली."

"घरात अजून कुणाला? आई, बहीण?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

"बरं. पोटाचं काय? जुलाब, रक्त, वजन कमी होणं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्यांना म्हणालीस, "पोटाचं तुमाला कामून सांगायचं बाई? तुमी तर कातडीच्या."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. "ताई, म्हणूनच विचारते," त्या म्हणाल्या. "तुमच्या या आजाराला हायड्राडेनायटिस म्हणतात. अंग नीट धुतलं नाही म्हणून हा होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आपल्या शरीरात राखणीची जी ताकद असते ती बिथरते आणि आपल्याच अंगावर सूज आणते. कुणाच्या कातडीत आणते, कुणाच्या आतड्यात. ज्यांना हे कातडीचं असतं, त्यांच्यात आतड्याच्या सुजेचा आजार इतर लोकांपेक्षा जास्त आढळतो. सगळ्यांना होतो असं नाही. पण आम्हाला विचारावं लागतं, आणि तुम्हाला सांगावं लागतं."

तू अगदी हळू विचारलंस, "म्हंजे हे दोन रोग न्हाईत?"

"नावं दोन आहेत," बाई म्हणाल्या, "पण सख्खे आहेत."

मग तू सगळं सांगितलंस. संडासाजवळची जागा, आदल्या दिवशीचा उपास, मळलेली लुगडी अंधारात धुणं, सगळं. मी कितीतरी गोष्टी तिथं पहिल्यांदा ऐकल्या. बाहेर पडल्यावर दवाखान्याच्या पायरीवरच तू बसकण मारलीस आणि हसायला लागलीस. "आगं, हायड्रा... काय म्हणल्या त्या? पुन्यांदा म्हण." मी म्हटलं. तू प्रयत्न केलास, तुझी जीभ अडखळली, तू आणखी हसलीस. आणि हसता हसता एकदम थांबून म्हणालीस, "येवढी वर्सं मला वाटायचं, मीच घाण हाय."

वैनी, मला आजपर्यंत कुणाच्या बोलण्यानं असं चिरलेलं नाही.

त्या बाईंनीच आपल्याला संभाजीनगरच्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. यावेळी तू काखही दाखवलीस. दुर्बीण घातली, तुकडा तपासला आणि आतड्याच्या आजाराचंही नाव मिळालं, क्रोन्स. क्षय नाही याची पुन्हा खात्री करून त्यांनी ती इंजेक्शनं सुरू केली. दर पंधरा दिवसांनी एक, आणि तेच एक औषध दोन्हीकडे लागू. तुला याचंच फार नवल. "बघ की, एकाच सुईनं दोन्ही शिवायलेत," तू दादाला म्हणालीस. जुने व्रण गेले नाहीत, पण नव्या गाठी कमी झाल्या. पोटही बरंच राहायला लागलं.

ते वर्ष मी कधी विसरणार नाही. गंगाखेडला मामांच्या मुलीचं लग्न होतं. जीपमध्ये तू मधल्या जागेवर बसलीस, दोन्हीकडून माणसं दाटलेली. वाटेत गाडी थांबवा म्हणाली नाहीस. पंगतीत तू वरण-भात, भजी, जिलबी असं सगळं ताटात वाढून घेतलंस आणि दादा वाढप्याला थांबवायला गेला तर त्याच्याकडे डोळे वटारलेस. अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा तू माझ्यापुढे उभी होतीस. तू दोन्ही हात डोक्याच्या वर नेलेस आणि अक्षता उधळल्यास. शेजारच्या बाईच्या ते ध्यानातही आलं नसेल. मी मात्र मंगलाष्टकं संपली तरी हातातल्या अक्षता तशाच धरून उभी होते.

आपलं भांडण त्यानंतरचं.

वैष्णवी कॉलेजसाठी परभणीला माझ्याकडे राहायला आली होती. एके दिवशी तिनं मला काखेतली गाठ दाखवली आणि म्हणाली, "आत्या, आईला नको सांगू. तिला वाटंल तिच्यामुळं झालं." गाठ वाटाण्याएवढी होती. पण एक बसून ही दुसरी आली होती. तिची समजूत घालून मी तुला कळवलं. तू दुसऱ्या दिवशी आलीस. माझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभ्या राहून आपण बोललो. आवाज खाली जाऊ नये म्हणून दोघी दबक्या आवाजात भांडत होतो.

मी म्हणाले, "बाईंना दाखवू. आत्ताच दाखवलं तर पुढचं टळंल. तुमच्यासारखी जाळी होऊ द्यायची का आत?"

"दाखवू. आदी तिचं लगीन होऊ दे."

"लग्नाला अजून किती वर्सं हायत वैनी! ती शिकायलीय."

"परभणी काय लांब हाय का? आज त्या दवाखान्यात बसली तर उद्या पाथरीपस्तोर कळंल. मग लोक म्हणतेल, मायला बी व्हतं, लेकीला बी हाय. कोण करंल तिला?"

"ज्याला करायचं न्हाई त्यानं नको करू."

तेव्हा तू माझ्याकडे जे पाहिलंस, ते मला आजही दिसतं. रागावली नव्हतीस. तू भ्यालेली होतीस. "तुला बोलायला काय जातंय?" तू म्हणालीस. "तुला बघायला आले तव्हा तुपली काख धड व्हती. मी सेलूत नांदले, कारण मला सासू अशी मिळाली अन् नणंद तू मिळालीस. कांदा भाजून देणारी. तिची नणंद कशी निघंल, तू सांगू शकतीस का?"

मी आजही ते सांगू शकत नाही. तुझं म्हणणं चूक होतं असं मला वाटत होतं, पण तुझी भीती चूक नव्हती. फार वर्षांच्या दुखण्यातून ती आली होती. तू संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. नंतर फोनवर आपण सगळं बोलायचो, कापसाचा भाव, दादाचा गुडघा, माझ्या शाळेतल्या बदल्या. ते सोडून. शेवटी एकदा मीच विषय काढला तर तू म्हणालीस, "दिवाळीची शिलाई उरकू दे. समक्ष बोलू."

दिवाळीच्या आधीच तुझं पोट पुन्हा आवळायला लागलं होतं. आतडं एका जागी अरुंद झालंय, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं. दुखलं की लगेच या, असंही सांगितलेलं. पण तुझं दुखणं आणि आम्हा बाकीच्यांचं दुखणं यांची मापंच वेगळी होती. ज्यात आम्ही आडवे झालो असतो, त्यात तू बाह्या लावत बसायचीस. "गॅस झालाय, उतरंल," म्हणत तू दोन दिवस काढलेस. तिसऱ्या दिवशी मशीनवरून उठताना कोसळलीस. दादानं तुला तसंच गाडीत घालून संभाजीनगरला नेलं. आतडं त्या अरुंद जागी फाटलं होतं. ऑपरेशन झालं, पण विष रक्तात पसरलेलं होतं.

मी पोचले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. वैष्णवी पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. तू डोळे उघडलेस. तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि चादरीवरचा हात थोडासा हलवलास. बोटं आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे. नर्स म्हणाली, त्यांना बोलायला लावू नका, दम लागतोय.

वैनी, तो हात काय म्हणत होता? तिला घेऊन जा, असं? की बोलू नको, असं? मी तो प्रसंग मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला. कधी एक अर्थ लागतो, कधी दुसरा. तुला विचारायची सोय राहिली नाही. त्या दुपारीच तू गेलीस.

सेलूला आणल्यावर तुला आंघोळ घालायला मी आणि आक्का होतो. तुझी थोरली बहीण आक्का, पाथरीहून तेवढ्यात पोचलेली. पोटावरची पट्टी सांभाळत आम्ही तुला सावकाश धुतलं. मी तुझा उजवा हात वर केला. जिवंतपणी तू कुणाला तो असा पुरता वर करू दिला नव्हतास. आक्का तांब्या घेऊन पुढे वाकली आणि तशीच थांबली. तिची नजर तुझ्या काखेतल्या व्रणांवर खिळली होती. तांब्यातलं पाणी जमिनीवर सांडत गेलं. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन, गुडघ्यात डोकं घालून बसली. मला वाटलं, बहिणीचे हाल बघवले नाहीत. उरलेलं मी एकटीनंच केलं. विभूती लावली, नवं लुगडं नेसवलं, आपल्या रीतीनं तुला मांडी घालून बसवलं. रुद्रभूमीत समाधीच्या खड्ड्यात ठेवताना तुझ्या तळहातावर लिंग दिलं. हात स्वच्छ होता, वैनी.

तुझ्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेच्या दिवशी, जेवणं झाल्यावर बायका पुढच्या खोलीत बसल्या होत्या. तुझी गिऱ्हाइकं, गल्लीतल्या, नात्यातल्या. कुणीतरी पुन्हा विचारलं, "पर झालतं तरी काय? चांगली फिरायलती की."

दादा बाहेर विधीला आलेल्या स्वामींना निरोप द्यायला गेला होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मलाच माहीत नव्हतं. त्याआधी वैष्णवी बोलली.

"आईला आतड्याचा आजार व्हता. क्रोन्स म्हणतात. अन् त्याच्या आधीपासून कातडीचा. काखंत अन् जांघंत गाठी यायच्या, फुटायच्या. ती शाळंत व्हती तव्हापासून. त्या दोन्हीचं नातं असतंय. आईला ते लय उशिरा कळलं."

एका बाईनं पदर सारखा केला. दुसरीनं आपल्या लेकीला हळूच उठवून बाहेर नेलं आणि ती काही परत आली नाही. तू ज्या दिवसाला भीत होतीस तो असाच असणार होता. वैष्णवीनं तिला जाताना पाहिलं. तरी ती थांबली नाही.

"मला बी काखंत गाठी यायल्यात," ती म्हणाली. "ते लागट न्हाई. घाणीनं व्हत न्हाई. तुमच्या घरात कुणाला असं असंल तर त्यांना पोटाचं बी विचारा. आईला लय वर्सं कुणी विचारलंच न्हाई."

मग ती उठून आत गेली. मी मागोमाग गेले, तर स्वयंपाकघरात तिच्याआधीच आक्का पोचली होती. तिनं वैष्णवीचा हात धरला, मला म्हणाली, "दार लाव." मी दार लावलं. आक्कानं ब्लाउजची वरची दोन बटनं काढली आणि डावा हात वर केला.

तेच व्रण. त्याच रेघा. एक गाठ ताजी, लालभडक.

"आमच्या मायला बी व्हतं," आक्का म्हणाली. "तिनं कुणाला सांगितलं न्हाई. मला तिचं मेल्यावर कळलं, न्हाऊ घालताना. तुपल्या मायचं बी तसंच कळलं बघ. लहानपणी आमी दोघी एका गोधडीत निजायचो. माझी गाठ ठणकायली की मी दाराकडं तोंड करायचे, तिला कळू नये म्हणून. ती भिंतीकडं तोंड करायची. मला वाटायचं, ही रुसलीय."

वैष्णवी तिच्या गळ्यात पडून रडली. नंतर डोळे पुसून तिनं विचारलं, "मावशी, पोट कसं राहतंय तुमचं?"

आक्का म्हणाली, "रगत पडायलंय. बरेच दिस झाले. मूळव्याध आसंल म्हणून बसले."

पुढच्याच सोमवारी मी दोघींना परभणीला त्या बाईंकडे घेऊन गेले. हे तुला विचारून केलेलं नाही, वैनी. तुझ्या त्या हाताचा अर्थ लागेपर्यंत मी थांबू शकत नव्हते. वैष्णवीचं दुखणं सुरुवातीचं आहे, औषधानं आटोक्यात राहील अशी आशा बाईंनी दिली. आक्काची दुर्बीण संभाजीनगरला व्हायची आहे. तिचं काय निघेल, माहीत नाही. तू गेलीस हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

भांडण कोण जिंकलं, असं मी स्वतःला विचारते आणि मला उत्तर नको वाटतं. वैष्णवीचं लग्न जमताना त्रास होईलही. त्या दिवशी उठून गेलेली बाई गप्प बसलेली नाही, हे माझ्या कानावर आलंय. तसा प्रसंग आला तर मी वैष्णवीच्या बाजूला उभी असेन. यापेक्षा जास्त मी तुला काय सांगू?

वैष्णवी परभणीलाच राहिली; मी आक्काला पोचवायला निघाले, तर ती सेलूलाच उतरली. म्हणाली, पाथरीची जीप मग धरीन, आधी बहिणीकडं जाऊ. रुद्रभूमीत तुझ्या समाधीवरची माती अजून ओली होती. आक्का तिथं खाली बसली, मला म्हणाली, तू जरा लांब थांब. मी बाभळीखाली जाऊन उभी राहिले. ती बोलत होती. मधेच तिनं काखेवर हात ठेवला, मधेच पोटावर. एकदा हसलीसुद्धा. उन्हं कलली तरी ती बोलतच होती.

मग उठून, लुगड्याची माती झटकत माझ्याकडे आली.

"चल," ती म्हणाली. "सांगितलं तिला सगळं."